आरोग्याची उद्दिष्टे मोजता येतील अशी ठरवा

मा. संपादक,

सोलापूर महापालिकेचे अंदाजपत्रक तयार होताना आरोग्य विभागाच्या पानावर ‘डेंग्यू नियंत्रण’, ‘सक्षम आरोग्य सेवा’ असे शब्द येतात. त्यांच्यापुढे आजचा आकडा, गाठायचा आकडा, तारीख, जबाबदार अधिकारी आणि लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यातून करायचा ते) नसेल, तर वर्षअखेरीस जाब विचारायचा कोणाला आणि कशाचा?

डेंग्यूचेच घ्या. ‘रुग्णसंख्या निम्म्यावर आणू’ हे उद्दिष्ट घातक आहे. रक्ताचे नमुने कमी तपासले की कागदावरचे रुग्ण आपोआप घटतात. झटपट चाचणीच्या रॅपिड कार्डवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकारी नोंदीत संशयितच राहतो; प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी पॉझिटिव्ह आली तरच तो निश्चित धरतात. म्हणून प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राने आठवड्याला किती नमुने एलायझासाठी पाठवले आणि त्यांतले किती बाधित निघाले, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी हवेत. नमुन्यासोबत तापाचा कितवा दिवस तेही लिहावे. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचे प्रथिन) आणि त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे) तपासतात. दिवस चुकला तर खरा रुग्णही निगेटिव्ह ठरू शकतो.

रुग्णांआधी अळ्या मोजल्या पाहिजेत. तपासलेल्या १०० घरांपैकी किती घरांत अळी सापडली, हा गृह निर्देशांक. तो बिघडतो बंद घरांमुळे. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत सकाळी ११ वाजता अनेक दारांना कुलूप असते. ते घर ‘अळी नाही’ असे लिहिले की निर्देशांक खाली येतो, डास मात्र तिथेच. बंद घरांचा वेगळा रकाना, संध्याकाळी दुसरी फेरी आणि दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाकडून ५ टक्के घरांची फेरतपासणी, एवढे तरी बंधनकारक करावे.

आता मूळ कारण. शहरात उजनी धरणाचे पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी बॅरल आणि हौद भरलेले असतात. शिल्लक पाणी कोणी ओतत नाही, नव्या पाण्याची त्यातच भर पडते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, बॅरलच्या किंवा हौदाच्या आतल्या बाजूला चिकटतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पातळी वाढली की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस पुरतात. म्हणजे बॅरल रिकामे करून भागत नाही, आतली बाजू काथ्याने घासावी लागते. सरसकट रविवारी कोरडा दिवस पाळा, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, म्हणणे इथे निरुपयोगी आहे. शनिवारी रात्री पाणी आलेले घर रविवारी ते ओतून देईल कसे? आपल्या भागात पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी घासणे हाच व्यवहार्य मार्ग. त्यासाठी पाणीपुरवठा विभागाने भागवार वेळापत्रक आरोग्य विभागाला आठवडाभर आधी लेखी द्यावे, आणि ते किती वेळा पाळले गेले हेही उद्दिष्टांत मोजावे. डेंग्यूचे अर्धे उत्तर त्या विभागाकडे आहे, हे स्पष्टच लिहायला हवे.

रक्तदाबाचेही तसेच. ‘इतक्या हजारांची तपासणी’ यातून काही कळत नाही. नोंदणी झालेल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे, ते सांगा. गोळ्या एकदम ३० दिवसांच्या मिळाल्या नाहीत, तर विड्या वळणारी बाई अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा येत नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यात केंद्रांसाठी दुपारी १२ ते रात्री ८ ही वेळ सुचवलेली आहे. कामगार वस्त्यांत तीच लागू व्हावी.

निराधार योजनांत लाभार्थ्यांची संख्या छापली जाते. अर्जापासून पहिला हप्ता मिळेपर्यंत किती दिवस लागले, ते छापावे. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतींचाही विचार वेगळा हवा. त्या शहराच्या हद्दीबाहेर, पण तिथल्या अनेकांचे काम शहरात. त्यांची नोंद जिल्हा परिषद ठेवणार की महापालिका, हे दोघांनी मिळून लेखी ठरवावे.

हे आकडे दर तिमाहीला विभागीय कार्यालयनिहाय जाहीर व्हावेत. अळ्यांचे पहिले सर्वेक्षण मात्र मे महिन्यात, पावसाआधीच उरकायला हवे. जुलैत सुरुवात केली तर पावसाने किती वाढ झाली आणि कामामुळे किती घट झाली, हे वेगळे काढता येणार नाही.

– सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते, सोलापूर