इनिश मोरला एक मुक्काम द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पर्यटन पुरवणीतील आयर्लंडच्या सहल-आराखड्यात पश्चिम किनाऱ्याजवळच्या आरन बेटांपैकी सर्वांत मोठे इनिश मोर हे मुख्य भूमीवरच्या मोहरच्या समुद्रकड्यांबरोबर एकाच दिवसात बसवले आहे. हिशेब जमत नाही. बेट सुमारे १४ किलोमीटर लांब. किल रोनन धक्क्यापासून डून एंगस किल्ल्याचा पायथा सात किलोमीटर, तिथून खडकाळ चढ वीस मिनिटांचा. शेवटची बोट गाठायची म्हणजे किल्ला बघून पळत सुटायचे. एक रात्र तरी राहावे.

व्हिसाचाही उल्लेख हवा होता. आयर्लंड शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत) नाही, त्यामुळे तो व्हिसा इथे कामाचा नाही. ब्रिटिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटन-आयर्लंड सामाईक व्हिसा योजना) असा शेरा असेल तर चालतो, पण मग आधी ब्रिटनमध्ये उतरावे लागते. थेट डब्लिन गाठणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

डब्लिनहून गॉलवे रेल्वेने अडीच तास. रॉसावील बंदर तिथून आणखी साधारण तासभर आणि बोट चाळीस मिनिटे. गॉलवे ते बंदर ही बस बोटीच्या तिकिटात धरलेली नसते, तिचे तिकीट वेगळे काढावे लागते. हिवाळ्यात लाटा चढल्या की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाचा दिवस बेटावर ठेवू नये. या भागात रस्त्यावरच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. शिवाय बेटाचे आयरिश नाव नुसते ‘आरिन’. तेव्हा नकाशावरचे इंग्रजी नाव पाटीवर शोधत बसू नये.

धक्क्यावर सायकली भाड्याने मिळतात. जाताना किनाऱ्याचा खालचा रस्ता धरावा, चढ कमी आहे. वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. छत्री घरीच ठेवावी. पाऊस आडवा येतो.

डून एंगसची सुरुवात इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमाराची. अर्धवर्तुळाकार तटबंदीची उघडी बाजू थेट अटलांटिकवर, खाली नव्वद-शंभर मीटरचा सरळ तुटलेला कडा आणि काठाला कठडा नाही. छायाचित्रासाठी कोणी काठाशी उभे राहू नये, झोताचा वारा माणसाचा तोल घालवतो. बघायचेच असेल तर पोटावर झोपून बघावे. तटाबाहेर टोकदार दगड दाटीने उभे रोवले आहेत, शत्रूला धावत येता येऊ नये म्हणून. आता त्यात पर्यटक अडखळतात! चुनखडीच्या कातळात खोल फटी आहेत. ओल्या फटीत पाऊल अडकले की घोटा गेलाच. घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पोल ना बपेश्त हा कातळातला चौकोनी डोह (तो नैसर्गिक आहे, कोणी खोदलेला नाही) भरतीला आणि लाटा मोठ्या असताना दुरूनच पाहावा. खालच्या सपाट कातळावर एखादी लाट अचानक चढते.

पण किल्ल्याइतकेच बघण्यासारखे आहेत ते इथले गडगे, म्हणजे शेताभोवतीची दगडी कुंपणे. कोकणातल्या माणसाला ते लगेच ओळखू येतील: चुना-मातीशिवाय रचलेले, मधून मधून उजेड दिसणारे. त्या फटींतून वारा निघून जातो, म्हणून गडगा कोसळत नाही. शेताला बहुधा फाटकही नसते. गुरे न्यायची असली की ठरावीक जागेचे दगड उतरवायचे, जनावर पलीकडे गेले की पुन्हा रचायचे. आतली मातीही केलेली: कातळाच्या फटी दगडाच्या कपच्यांनी बुजवून वर वाळू आणि समुद्रशैवालाचे थर घालत पिढ्यान् पिढ्यांनी ती तयार केली. ज्याला हे माहीत नसते तो फोटोसाठी गडग्यावर चढतो, दगड ढासळतात आणि ते रचायला शेतकऱ्याला यावे लागते.

बेटावरच्या ‘सात चर्च’ या ठिकाणाच्या नावाने मात्र फसू नये. तिथे चर्च दोनच आहेत, बाकीचे निवासी इमारतींचे अवशेष. वेळ कमी असेल तर ते गाळावे, गडग्यांमधून पायी फिरणे गाळू नये.

आपला,
एक वाचक, ठाणे