अलिबागला येणाऱ्या पद्मिनीवाल्यांसाठी: पार्किंगची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवारी अलिबागला गाड्या सार्वजनिक जागेतच लावायच्या आहेत. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीसहून अधिक वर्षं झाली. क्रोमच्या बंपरला पोचा आला, तर तसाच दुसरा मिळवायला भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. म्हणून कृपया लक्ष द्या.

माडाखाली गाडी लावू नका, सावली कितीही दाट असो. एक नारळ किंवा सुकलेली झावळी पडली की बॉनेट बसलंच. जागा शक्यतो रांगेच्या टोकाची, भिंतीलगतची घ्या. एक बाजू तरी सुरक्षित राहते. दुचाकींच्या घोळक्यापासून लांब राहा, हँडल आणि लेगगार्डचे ओरखडे थेट पत्र्यापर्यंत जातात.

कव्हरबद्दल थोडं सविस्तर. प्रवासात बसलेल्या धुळीवर कव्हर घालू नका. समुद्रावरचं वारं ते सारखं हलवतं आणि खालची वाळू पॉलिशपेपरसारखी रंगावर घासली जाते. त्यापेक्षा गाडी उघडी बरी. पक्ष्यांची विष्ठा पडली तर कोरड्या फडक्याने खरवडू नका. ओलं फडकं दोन मिनिटं त्यावर ठेवा, मग अलगद उचला. पाण्याची बाटली आणि मऊ फडकं डिकीत असू द्या.

लोक फोटो काढायला येतील, प्रेमाने येतील. त्यांच्याशी बोला, मुलांना स्टिअरिंगवर बसवा. बॉनेटवर मात्र कुणाला टेकू देऊ नका.

घरी परतल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. खाऱ्या हवेचा गंज तिथूनच सुरू होतो.