उजव्या हाताचं पत्र

स्टुटगार्ट, 14 मार्च

ती. आई-बाबांस सा. न.

अक्षर बघून घाबरू नका. ओवीने नाही, मीच लिहिलंय. हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज पानभर लिहा, काहीही चालेल. मग म्हटलं घरीच लिहावं. फोनवर बाबा "बरं, बरं" करून आईकडे देतात आणि आई रडायला लागते.

पडल्याचं दोन आठवडे लपवलं, ते चुकलंच. आईने व्हिडिओवर माझ्या डाव्या हातात कप बघून पकडलं आणि बाबांनी लगेच एफडी मोडायची गोष्ट काढली. मोडू नका. उपचारावर माझा एक सेंटही गेलेला नाही. बाबांना ते पटत नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

रात्री पडलेला पाऊस पहाटे गोठला होता. फूटपाथवर काच अंथरल्यासारखं, पण दिसत काहीच नाही. ओवीला किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, सोडलं आणि ट्रामकडे निघाले. पाय सटकला, हात टेकला आणि मनगटात कट्कन वाजलं. हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून प्लेट बसवली.

हॉस्पिटलात मी डाव्या हाताने पर्समधून विम्याचं कार्ड काढत होते, तर काउंटरवरच्या बाईंनी आधी विचारलं, "कामावर जाताना पडलात का?" हो म्हटल्यावर कार्ड बाजूला राहिलं. घरातून कामावर जाता-येता झालेला अपघात इथे कामावरचाच धरतात, 1925 पासून. असे अपघात बघणारे डॉक्टरही वेगळे नेमलेले असतात, त्यांना 'डे-आर्ट्स्ट' म्हणतात. खर्च माझ्या नेहमीच्या आरोग्य विम्याकडे जात नाही, 'बेगे'कडे जातो. म्हणजे त्या-त्या धंद्याची अपघात विमा संस्था. बाबा, तुमचा प्रश्न: हप्ता किती? शून्य. सगळा मालक भरतो. हा कायदा बिस्मार्कच्या वेळचा, 1884 चा.

डॉक्टरांनी मात्र वकिलासारखी उलटतपासणी घेतली. कुठून निघालात, कुठे चालला होतात, मध्ये कुठे वळलात का? किटाचा वळसा चालतो, मुलाला सोडायला जाणं कायद्यातच धरलंय. पण खासगी कामासाठी वाट सोडली की तेवढ्या वेळापुरतं हे संरक्षण सुटतं. आता खरं सांगते, मी त्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीत ब्रेत्सल घ्यायला वळणारच होते. वीस पावलं आधी पडले! तसंच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मनात आलेलं चालतं, पाय वळायला नको. बेकरीत पडले असते तरी उपचार झालेच असते, पण नेहमीच्या विम्यातून. हॉस्पिटलचे रोजचे दहा युरो आणि औषधांचे थोडे पैसे मला भरावे लागले असते.

पगार सहा आठवडे कंपनीने पूर्ण दिला. प्रयोगशाळेत उजव्या हाताशिवाय माझं काही चालत नाही, म्हणून पुढचे दोन आठवडेही घरी होते. तेव्हाचे पैसे बेगेकडून, कपातीआधीच्या पगाराच्या ऐंशी टक्के. व्यायामाच्या बाईंचे पैसेही तेच देतात. म्हणजे हे पत्रसुद्धा एका परीने त्यांच्याच खर्चाने चाललंय.

मला सारखी बाबांची 2019 ची स्कूटर आठवते. हप्ता एकदाही न चुकवलेला माणूस, घोटा मोडून पडलेला, आणि आपण कॅशलेसच्या मंजुरीसाठी रात्री नऊपर्यंत काउंटरवर. खोली विम्याच्या मर्यादेपेक्षा महाग निघाली, तर कात्री नुसत्या खोलीभाड्याला नाही, डॉक्टरांच्या फीलाही त्याच प्रमाणात लागली. आईने पाटल्या काढून ठेवल्या होत्या ते मला माहीत आहे. तेव्हा बोलले नाही. इथे त्या बाईंनी कार्ड बाजूला ठेवलं तेव्हा मला रडू आलं. त्यांना वाटलं हात दुखतोय.

इथे सगळं गोड आहे असं नाही. फॉर्म इतके की बाबांची फाइल लाजेल, आणि सगळे त्या सरकारी जर्मनमध्ये. दोन वेळा तेच पत्र आलं, दोन वेळा तेच उत्तर दिलं.

मंदारदादाला एक सांगा. तो चाकणला बाइकने जातो आणि त्याच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापला जातो. कामावर जाता-येता झालेला अपघात त्या विम्यातही 2010 पासून धरला जातो, फक्त वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. त्याला हे ठाऊक नसणार. कार्ड कपाटात नाही, खिशात ठेव म्हणावं.

ओवी मला रोज 'हळू चाल' म्हणते, अगदी आईच्या आवाजात. पान भरलं. 'ळ' अजून नीट वळत नाही, बघा ना.

तुमची,
नीलू