गारगोटीची धूळ त्या लेखात कुठेच नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला परसोडी-मरुपार भागातल्या सोन्यावरचा लेख काल वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे, हे मान्य. लहान खाणींचे पट्टे स्थानिकांना द्या, गावात घरोघरी गिरण्या लावू, असे त्यांचे म्हणणे. पण पानभर लेखात सगळे सोन्याबद्दलच आहे. ते ज्या दगडात अडकले आहे त्या दगडाबद्दल एकच वाक्य आहे: गारगोटी फोडून, दळून सोने वेगळे करणे फारसे अवघड नाही, गावातली पोरेसुद्धा हे काम करू शकतील. ज्या घरातला माणूस गारगोटी दळता दळता गेला, त्या घरातल्यांनी हे वाक्य कसे वाचायचे?

माझा थोरला भाऊ परराज्यात गारगोटी दळण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथे सोन्याचा संबंध नव्हता, काचेसाठी पूड निघायची. पण दगड तोच. त्याचे काम पोती भरण्याचे. नळीखाली पोते धरायचे, भरत आले की उचलून आपटायचे म्हणजे पूड खाली बसते, मग तोंड शिवायचे. प्रत्येक आपटण्याला जो लोट उठायचा तो सरळ तोंडावर. नाकाला बांधायला कारखान्याकडून काही मिळत नव्हते, स्वतःचा रुमाल असायचा. सुट्टीत घरी आला की वहिनी त्याचे कपडे वेगळे भिजवायच्या. बादलीतले पाणी दुधासारखे पांढरे व्हायचे आणि जरा वेळाने तळाशी थर बसायचा. तो बोटांत चोळला की कचकच लागायची.

खोकला सुरू झाला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात टीबीची औषधे दिली. थुंकीत जंतू सापडत नव्हते, तरी कोर्स पुरा झाला की पुन्हा तोच कोर्स. सिलिकोसिस, म्हणजे गारगोटीची धूळ छातीत बसून होणारा रोग, झालेल्याला टीबीही लवकर धरतो, त्यामुळे गल्लत होऊ शकते, हे आता मला ठाऊक आहे. पण "काम काय करता?" एवढे विचारायला काय लागते? तो प्रश्न पहिल्यांदा विचारला नागपूरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी, एक्स-रे उजेडाला धरून. तोवर विहिरीपर्यंत जातानाही भाऊ वाटेत टेकायला लागला होता. या रोगावर औषध नाही, छातीत गेलेली धूळ बाहेर निघत नाही, हे त्यांनीच स्वच्छ सांगितले. पुढे मृत्यूच्या दाखल्यावर कारण मात्र क्षयरोगच लिहिले गेले. वहिनी नुकसानभरपाईसाठी गेल्या तर हजेरीपत्रक आणि पगाराची चिठ्ठी आणा म्हणाले. मुकादम रोख पैसे हातावर ठेवायचा, तिथे चिठ्ठी कुठली!

हे एका घरापुरते असते तर मी आपली जागा अडवली नसती. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळायला जात आणि छाती भरून परत येत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितले. वर्षानुवर्षे भांडल्यावर, आणि तेही माणसे गेल्यावर.

आता सोन्याचे पाहा. गारगोटीच्या शिरेतले सोने बहुधा डोळ्याला दिसत नाही. टनाला दोन-तीन ग्रॅम मिळाले तरी बरे म्हणतात. २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३,००० टनांहून अधिक सोने सापडल्याच्या बातम्या आपल्यासकट सगळ्यांनी छापल्या. मग भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने खुलासा केला: सोने असलेला दगड सुमारे ५२,८०६ टन आणि त्यातून निघू शकणारे सोने सुमारे १६० किलो. म्हणजे टनामागे जेमतेम ३ ग्रॅम. एका अंगठीपुरत्या सोन्यासाठी टनभर गारगोटीची पूड करायची, तीही बारीक, कारण भरड दळली तर कण सुटत नाहीत. मोठ्या खाणीत हे दळण पाण्याबरोबर ओले करतात, ड्रिलवरही पाणी मारतात. लहान खाणीत पाणी आणि पंप कोण देणार? तिथे कोरडेच दळले जाणार.

लेखात सोनझरींचा दाखला दिला आहे, की आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक सोने काढतातच. ते नदीची वाळू पाटीत धुतात. त्यांच्यासाठी दगड नदीनेच झिजवून दिलेला असतो, आणि तो ओला असतो. डोंगरातली शीर फोडण्याशी त्याची तुलना करून लेखकांनी वाचकांची दिशाभूल केली आहे.

पाऱ्याचे तर नावही नाही. जगभर लहान खाणवाले पुडीत पारा कालवतात, सोने त्याला चिकटते आणि मग तो गोळा तापवून पारा उडवतात, कित्येकदा घरच्या चुलीवर. घरातली लहान मुले तोच वाफारा घेतात. २०१३ चा मिनामाता करार याच पाऱ्याला आवर घालण्यासाठी झाला, भारतही २०१८ पासून त्यात आहे. आणि नायजेरियातल्या झमफारा भागात २०१० मध्ये काय झाले तेही छापा. तिथल्या सोन्याच्या दगडात शिसे होते. लोकांनी तो घरी आणून पिठाच्या गिरणीत दळला. ४०० हून अधिक मुले शिशाच्या विषबाधेने मेली. गावात घरोघरी गिरण्या लावू म्हणणाऱ्याला हे माहीत असायला हवे.

राहिला 'पट्टे स्थानिकांना द्या' हा मुद्दा. सोने हे प्रमुख खनिज आहे, २०१५ पासून त्याचा पट्टा लिलावातूनच मिळतो. दोन एकरांचा शेतकरी त्या लिलावात कुठे बसणार? त्याच्या वाट्याला येईल ते पोते धरण्याचे काम, ठेकेदाराच्या हाताखाली आणि चिठ्ठीविना.

गावाला रोजगार नको, असे माझे म्हणणे नाही. आमच्याकडची पोरे बाहेर जातात ती नाइलाजाने, माझा भाऊही तसाच गेला. पण खाणीचा विषय काढायचाच तर आधी हजेरीपत्रक, ओले दळण, दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि रोगाचा दाखला देणारी समिती यांवर बोला. राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण केले, तिथे दाखला मिळाला की माणूस जिवंत असतानाच ३ लाखांची मदत मिळते. आपल्याकडे असे धोरण का नसावे, यावर एखादा अग्रलेख लिहा. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातले एक्स-रे मशीन बंद पडून आहे, त्याचीही बातमी आजवर एकदाही आलेली नाही.

मागे मी याच विषयावर पत्र पाठवले होते. त्यातला दाखल्याचा आणि भरपाईचा भाग गाळून आपण वरच्या चार ओळी तेवढ्या छापल्या होत्या. या वेळी जागा कमी पडली तर माझ्या भावाची हकीकत काढा, पण झाबुआचा आणि राजस्थानचा परिच्छेद कापू नका.

आपला नियमित वाचक,
भिवापूर तालुका, जि. नागपूर