‘बोर्ड गेला’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातील ई-कचरा संकलनाची बातमी आपल्या अंकात वाचली. उपक्रम स्तुत्य आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र बातमीतील ‘दुरुस्तीपलीकडे गेलेले जुने कॉम्प्युटर’ या शब्दांपाशी मी अडखळलो. ते दुरुस्तीपलीकडे गेले हे ठरवले कोणी आणि कशावरून? कारखान्यात उपकरणे दुरुस्त करण्यात ज्याची हयात गेली त्याला हा प्रश्न पडतोच, आणि या वेळी तर तो विचारायला घरातच निमित्त घडले आहे.

आमच्या मेहुण्यांनी १९८४ साली लंडनहून येताना सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणला होता. एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आलेला, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्राम भरायचा हा रबरी बटणांचा कॉम्प्युटर मुलांनी मनसोक्त वापरला आणि पुढे तो माळ्यावर गेला. मागच्या वर्षी नातवासाठी तो खाली काढला, तेव्हा पडद्यावर ओळीने उभ्या रेघा दिसल्या. मोजल्या तर बत्तीस भरल्या.

ही बत्तीस संख्या योगायोगाची नव्हती. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडव्या ओळीत २५६ बिंदू असतात आणि पडद्यावरचे चित्र खालच्या १६ के (किलोबाइट) मेमरीत साठवलेले असते. आठ बिंदूंचा एक बाइट आणि प्रत्येक बिंदूचा त्यात एक बिट; ही मेमरी ४११६ जातीच्या आठ चिपांची असून त्यातील प्रत्येक चिप बाइटमधला एकेकच बिट सांभाळते. त्यामुळे एक चिप बिघडली की दर आठ बिंदूंमागे एक बिंदू चुकतो आणि बत्तीस रेघा उमटतात. कोणती चिप बिघडली आहे हे पडद्याकडे बघूनच सांगता यावे, इतके हे यंत्र पारदर्शक आहे.

डोळ्यांची तक्रार असल्याने मी ते एका दुकानात दिले. त्यांनी नेमकी तीच चिप बदलली, पण रेघा गेल्या नाहीत. मग शेजारच्याही तीन बदलल्या आणि अखेर “काका, बोर्ड गेला, आता भंगारात द्या,” असा निकाल मिळाला. यंत्र घरी आणून भिंगाखाली धरले. खालच्या बाजूचे सोल्डरचे (जोड सांधणाऱ्या वितळत्या धातूचे) टाके चकचकीत होते. चिप खोचायचे नवे सॉकेटही नीटच बसवलेले दिसत होते. घोळ होता तो सॉकेटच्या पोटाखाली, जिथे नजर पोहोचत नाही.

चिपा बसवलेली पाटी म्हणजे बोर्ड; असा बोर्ड दुहेरी असतो, म्हणजे वर आणि खाली तांब्याचे ट्रॅक (वीज वाहणाऱ्या पट्ट्या) आणि त्यांना जोडणारी, आतून तांब्याचा मुलामा दिलेली भोके. हे तांबे साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. सोल्डर पुरते वितळण्याआधी चिप उपटली की भोकातला मुलामा तिच्या पायाबरोबर निघून येतो आणि वरच्या बाजूचा पॅड (भोकाभोवतीचे तांब्याचे कडे) ट्रॅकसकट उखडतो. खालून कितीही सुबक टाका मारला तरी वरचा ट्रॅक तुटलेलाच राहतो.

इथे मीटर लावतानाही एक चकवा आहे. स्पेक्ट्रममध्ये प्रोसेसर आणि ही मेमरी यांच्यामधल्या माहिती नेणाऱ्या आठही डेटा लाइनींत ४७० ओहमचे रेझिस्टर (विजेला अडथळा करणारे भाग) आहेत, त्यामुळे प्रोसेसरच्या पायापासून मेमरीच्या पायापर्यंत, जोड अखंड असल्यास वाजणारा मीटरचा बझर वाजतच नाही आणि नवखा माणूस सगळेच ट्रॅक तुटले असे समजून बसतो. बझर बंद करून आकडा पाहावा. माझ्या बोर्डावर सात लाइनींवर ४७० च्या आसपास आकडा आला. आठव्या लाइनीवर चिपच्या दुसऱ्या पायाशी तो बरोबर होता, पण चौदाव्या पायाशी मीटर काहीच दाखवेना. दुसरा पाय माहिती आत घेणारा, चौदावा ती बाहेर देणारा, आणि स्पेक्ट्रममध्ये हे दोन्ही पाय एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे लिहिलेले आत जात होते, ते वाचायला बाहेर येत नव्हते. चार चिपा विनाकारण बदलल्या गेल्या त्या या एका जोडामुळे.

दुरुस्तीसाठी लागली ती ३० गेजची एकतारी वायर, जेमतेम आठ मिलिमीटर लांबीची. टोके सोलून त्यांना आधी सोल्डर चढवले, फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचे द्रव्य) लावला आणि बोर्डाच्या पाठीवर दुसऱ्या पायापासून चौदाव्या पायापर्यंत जंपर मारला. तो हलू नये म्हणून वरून सुनेचे बिनरंगी नेलपॉलिश लावले. (तिला ते अजून ठाऊक नाही.) चिपा परत बसवण्यापूर्वी मात्र प्रत्येक सॉकेटच्या पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२ आणि नवव्यावर ५ व्होल्ट येतात की नाही हे तपासले. या जातीच्या चिपांना १२ व्होल्ट मिळाले आणि उणे ५ मिळाले नाहीत तर त्या जळतात. तेव्हा तुटलेला ट्रॅक उणे ५ चा असेल तर घाईने बसवलेली प्रत्येक नवी चिप वाया जाते. वीज दिली, पडदा क्षणभर काळा झाला आणि मग पांढऱ्या पडद्याच्या तळाशी १९८२ सालची ती स्वामित्वहक्काची ओळ उमटली.

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. ज्या कामाला दोन तास लागतात आणि ज्याचे शंभर रुपयेही कोणी राजीखुशीने देत नाही, ते काम त्याने का करावे? पण संकलन केंद्रावर जमा होणाऱ्या यंत्रांचे भवितव्य अशाच घाईच्या निकालावर ठरू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत रिसायकलरबरोबर रिफर्बिशर हाही नोंदणीचा वेगळा प्रकार आहे. म्हणजे यंत्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. निदान ऐंशीच्या दशकातले बोर्ड तरी थेट यंत्राच्या जबड्यात न घालता बाजूला काढावेत आणि आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना द्यावेत, अशी माझी सूचना आहे. मोबाइलच्या बोर्डात ट्रॅकचे कित्येक थर आत दडलेले असतात. हे जुने दुहेरी बोर्ड दिव्यासमोर धरले की सगळा नकाशा डोळ्यांनी वाचता येतो, आणि ट्रॅक तपासायला शिकण्यासाठी याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या भागातील पुढच्या संकलनाच्या दिवशी मीटर, भिंग आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन सकाळपासून बसण्याची माझी तयारी आहे. आयोजकांनी एक टेबल आणि विजेचा एक पॉइंट तेवढा द्यावा.

आपला,
एक निवृत्त उपकरण तंत्रज्ञ,
चिंचवड, पुणे