राऊटर टेबल घेतोयस म्हणून

वेंगुर्ला,
आषाढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. गुहागरच्या घराच्या पडवीत वर्कशॉप उभं राहतंय हे वाचून खूप आनंद झाला. लाकडात खाचा पाडणारं राऊटर यंत्र ज्याच्या खाली उलटं लटकवतात, ते राऊटर टेबल कुठलं घेऊ, असं विचारलंयस. मी आधी हातचे पैसे घालवले आणि मग शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात गेलास की राऊटर वरखाली करायची लिफ्ट, मापाच्या पट्ट्या, खण हे सगळं नंतर बघ. आधी लोखंडी पट्टी टेबलावर उभी धर. लांबीला, रुंदीला, दोन्ही कर्णांवर. पट्टीखालून उजेड दिसतो का, विशेषतः मधोमध, जिथे टेबलात बसवलेल्या प्लेटला राऊटर लटकतो. तिथे टेबल अर्धा मिलिमीटर जरी खचलेलं असलं, तरी फळी त्या खळग्यावरून पुलासारखी जाते आणि खाच उथळ पडते. टोकं खळग्यात उतरली की तिथे खोल.

माझं पहिलं टेबल एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेल्या फळीचं, मी स्वतः केलेलं. सनमायका फक्त वरून लावला होता. चैत्रात आरशासारखं सपाट होतं. श्रावणात खालच्या उघड्या बाजूने दमट हवा प्यायली, ती बाजू फुगली आणि टेबलाची परात झाली. गणपतीआधी द्यायचा फणसाचा देव्हारा होता. त्याच्या दारांच्या चौकटी चारही कोपऱ्यांत सैल बसल्या. सगळ्या पुन्हा केल्या, दोन रात्री जागून.

बिडाचं टेबल जड असतं, थरथर गिळतं, काम सुरेख होतं. पण समुद्र तुझ्या अंगणाला लागून. पावसात आठवडाभर मेण लावायचं राहिलं की तांबेरा धरलाच समज. मी तुझ्या जागी असतो तर फिनोलिकचं, म्हणजे राळेत दाबून केलेल्या टणक तक्त्याचं घेतलं असतं. तेवढं बजेट नसेल तर आयएस ७१० शिक्क्याचा १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय, दोन थर चिकटवून, सनमायका वरून आणि खालूनही, आणि कडा नीट बंद करून.

प्लेट जाड ॲल्युमिनियमची, सपाटी जुळवायला कोपऱ्यांत स्क्रू असलेली आणि भोक लहानमोठं करायच्या रिंगा असलेली हवी. फेन्सवर, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची त्या आडव्या पट्टीवर, फार पैसे ओतू नकोस. बिट, म्हणजे राऊटरचं कापणारं पातं, गोल फिरतं, त्यामुळे फेन्स तिरकी बसली तरी खाचेच्या मापात फरक पडत नाही. ती टेबलाशी गुण्यात, म्हणजे काटकोनात असावी आणि दोन्ही टोकांना घट्ट धरली जावी, एवढंच.

राऊटर अर्धा इंची कॉलेटचा (बिट पकडणारी चिमटी) आणि वेग कमीजास्त करता येणारा घे. दाराच्या पॅनलला उतार द्यायचं ८० मिलिमीटरचं बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरवलंस तर त्याची धार ताशी ३६० किलोमीटरने धावते. असलं बिट १०,००० च्या आसपासच चालवायचं आणि लाकूड तीन-चार वेळा थोडं थोडं करून उतरवायचं. फळी नेहमी उजवीकडून डावीकडे सरकवायची. बिट आणि फेन्सच्या मध्ये ती कधीच घालायची नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो ते. गेल्या पावसात काम चालू असताना लाईट गेली. बटण चालूच राहिलं. अंधारात बिट बदलायला मी पाना उचलला आणि लाईट आली. राऊटर आपोआप सुरू झाला. हात बिटापासून वीतभर लांब होता. त्या दिवशीपासून प्लग काढल्याशिवाय मी बिटाला हात लावत नाही. लाईट गेली की बंद पडणारं आणि ती आल्यावर पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारं स्विच मिळतं. नो-व्होल्ट स्विच म्हणून माग. टेबल साधं घे, पण हे स्विच आधी लाव. आपल्याकडे दिवसातून किती वेळा लाईट जाते ते तुला सांगायला नको.

माझी तीन फुटी पट्टी तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलीय. टेबल बघायला जायचा दिवस कळव, मी पहाटेच्या गाडीने निघतो. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र