मोबाईल म्हणालाय म्हणून मात आठ खेळींचीच का?

मा. संपादक साहेब,

गणपतीत आमच्या शहापुरातल्या एका मंडळानं बुद्धिबळाची कोडी सोडवायची स्पर्धा ठेवली, कल्पना एकदम छान, पण निकाल बघून राहवेना म्हणून लिहालोय. एका कोड्यात पांढऱ्याची मात सहा खेळींत लागते असं शेजारच्या पोरानं लिहून दिलं, आधी हत्ती फुकट द्यायचा आणि मग राजा एक घर बाजूला, शह नाही काही नाही, नुसती शांत खेळी, पण काळा तिथंच अडकतोय. पंचांनी मोबाईलवर स्टॉकफिश, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणारं इंजिन, लावलं, दोनेक सेकंदात मेट इन 8 आलं, झालं, पोराचं उत्तर चूक!

अहो, त्या 8 चा अर्थ एवढाच की आठ खेळींत मात होते, समोरच्यानं काहीही खेळू दे. त्यावर सहसा बिनधास्त विश्वास ठेवा. पण त्याच्या आधी होतच नाही असं इंजिन कुठं म्हणालंय? सगळ्या चाली ते सारख्या खोल बघत नाही, शह आणि मारामारी आधी, शांत खेळ्या यादीत मागं आणि मागच्यांची तपासणी वरवर. शिवाय समोरच्याला एक खेळी फुकट दिली तरी आपलंच बरं चाललंय असं दिसलं की ती चालींची फांदी ते तिथंच सोडून देतंय, आणि जिथं खेळावं लागणं हेच संकट असतंय तिथं हा हिशोब गंडू शकतो की ओ. घरी लॅपटॉपवर तीच पोझिशन लावून ठेवली तर चहा होईस्तोवर आकडा 6 वर आलता.

पटावर राजे धरून सातच सोंगट्या उरल्या की गोष्ट वेगळी, तिथं टेबलबेस आहे, सगळ्या पोझिशन आधीच सोडवून ठेवल्यात. मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह सुपरकॉम्प्युटरवर 2012 साली हे काम झालं, त्यातली सगळ्यात लांब मात 549 खेळींची निघाली! पण आमच्या कोड्यात सोंगट्या चौदा होत्या, तिथं टेबलबेस काय करणार.

उत्तर पटावर मांडून काळ्याचा एकेक बचाव बघायचा, सहा खेळींत मात होते का हे बघायला कितीसा वेळ लागतोय? बक्षीस समारंभ अजून व्हायचाय, तेवढे त्या पोराचे मार्क देऊन टाका.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव